कानाची मशीन स्वतः घेताना: कान, रबर आणि सेल

घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीमागे उभं राहा आणि नेहमीच्या आवाजात म्हणा, "साठ." उत्तर "आठ" आलं, "सात"चं कधी "आठ", कधी "हात" झालं, तर अडचण कुठे आहे ते तिथेच कळतं. 'आ' हा स्वर जाड आणि दणकट असतो, तो पोचतो. 'स' ही उंच पट्टीतली बारीक फुसफूस, ती वाटेतच गळते. उतारवयात, किंवा वर्षानुवर्षं हडंबा (मळणीचं यंत्र), ट्रॅक्टर नाही तर कापसाच्या जिनिंगच्या खडखडाटात काम केल्यावर, कानाची हीच बाजू आधी जाते. म्हणून ही माणसं सांगतात, "आवाज येते जी, पन बोलनं समजत नाही." घरच्यांना मात्र वाटतं, बुढ्याला हवं तेवढं बरोबर ऐकू येतं.

मशीन आता चिठ्ठीशिवाय मिळते. चष्म्याच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, मोबाइलवरून घरपोच. अमेरिकेत १७ ऑक्टोबर २०२२ पासून अशा मशीनींचा 'ओटीसी' म्हणून वेगळा वर्ग कायद्याने झाला. त्याची अट सरळ आहे: वय १८ च्या वर, आणि ऐकणं सौम्य ते मध्यम कमी झालेलं. आपल्याकडे तसा वेगळा वर्ग नाही, पण अट मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. लहान मुलासाठी मशीन कधीही अशी परस्पर घेऊ नका. त्याची बोलीच त्यावर अवलंबून असते.

आणलेली मशीन महिन्याभरात कपाटात जाते त्याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. कान कोणी बघितलेला नसतो. कानात बसणारं रबर चुकीच्या मापाचं असतं. किंवा सेल संपतो आणि तालुक्यात मिळत नाही. किंमत आणि कंपनी यांचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून इथेही त्याच क्रमाने जाऊ.

आधी कान

पुढचं काहीही असेल तर दुकानाआधी कान-नाक-घसा डॉक्टर: गेल्या सहा महिन्यांत कानातून पाणी, पू किंवा रक्त आलेलं; कानात दुखणं; चक्कर; एकाच कानात शिट्टी किंवा गूं-गूं; दोन कानांत ठळक फरक; ऐकणं कधी कमी, कधी बरं असं हेलकावणं. वाहणाऱ्या कानात मशीनचं रबर बुचासारखं बसतं, आत ओल कोंडते आणि कान आणखी बिघडतो.

आणि एक गोष्ट थांबण्यासारखी मुळीच नाही. रात्री झोपताना ऐकू येत होतं, सकाळी उठल्यावर एक कान बंद. याला "वारं बसलं" म्हणून तेल घालत आठवडा काढू नका. अशा अचानक गेलेल्या कानावर औषध आहे, पण ते पहिल्या दिवसांतच चांगलं लागू पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तरी डॉक्टरांपुढे बसलेलं असलं पाहिजे.

मग मळ. कान मळाने गच्च भरला असेल तर महागातली मशीनही मुकी. काडेपेटीची काडी, केसातली पिन, गाडीची चावी, आठवडी बाजारात कान कोरून देणारा, हे सगळं बंद. काडीने मळ निघतो त्यापेक्षा जास्त आत ठासला जातो. कान वाहत नसेल, पूर्वी फुटलेला नसेल, तर मळ मऊ करणारे थेंब औषधांच्या दुकानात मिळतात. चार-पाच दिवस घालायचे आणि मग डॉक्टरांकडून काढून घ्यायचा. कोमट तेलाची सवय मशीन लागल्यावर सोडावीच लागते. तेलाचा एक थेंब बारीक नळीत किंवा जाळीत शिरला की आवाज बसला म्हणून समजा.

घरी करण्यासारखी आणखी एक तपासणी कुजबुजीची. एक हात अंतरावर पाठीमागे उभं राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. जो कान तपासायचा नाही, त्याच्या भोकापुढचा छोटा कडक उंचवटा त्या माणसालाच बोटाने दाबून चोळत राहायला सांगा, म्हणजे तो कान मध्ये बोलणार नाही. तुम्ही श्वास पूर्ण सोडा आणि उरलेल्या हवेत तीन गोष्टी कुजबुजा: "चार, क, सात." तिन्ही आल्या तर ठीक. चुकल्या तर दुसरा संच. सहापैकी तीनही बरोबर आल्या नाहीत तर त्या कानाची नीट तपासणी हवी. हेच दुसऱ्या कानाला.

नीट तपासणी म्हणजे ऑडिओमेट्री, यंत्राने दोन्ही कानांचं ऐकणं मोजणं. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचं रुग्णालय, यवतमाळ-अकोल्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, जिल्हा रुग्णालयं, इथे कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. ऑडिओमेट्री कोणत्या वारी होते ते आधी विचारून निघा, नाही तर एसटीचं भाडं वाया. हातात जो कागद येतो तो ऑडिओग्राम. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. खुणा जितक्या खाली, तितकं ऐकणं कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने २० ते ३५ डीबी (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) सौम्य, ३५ ते ५० मध्यम. ५० च्या पुढचा कान तयार मशीनवर भागवत बसू नये. त्याला कागदावरच्या रेषेप्रमाणे बसवून दिलेली मशीन लागते. मशीन दुकानातूनच घ्यायची असली तरी हा कागद हातात असावा असं आमचं ठाम मत आहे. तपासणीचा खर्च मशीनपुढे किरकोळ असतो आणि निम्म्या चुका तिथेच टळतात.

डब्यावर काय वाचायचं

'कानाची मशीन' या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक खरी श्रवणयंत्रं. दुसरी नुसती आवाज वाढवणारी डबी, ५०० ते १,००० रुपयांतली. ही डबी 'स' वाढवते, 'आ'ही तेवढाच वाढवते, आणि स्टीलच्या ताटाचा खणखणाटही तेवढाच. ज्याला 'आ' नीट ऐकू येतच होता त्याचं डोकं उठतं. खरं यंत्र हलका आवाज जास्त उचलतं आणि मोठा आवाज दाबून धरतं. सगळा फरक इथे आहे.

माहितीपत्रकात 'ओएसपीएल ९०' किंवा 'कमाल आवाज' असा आकडा असतो. साधं बोलणं साधारण ६० डीबीचं. अमेरिकेच्या नियमात चिठ्ठीशिवायच्या मशीनचा कमाल आवाज १११ डीबी, आणि मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या मशीनला ११७ डीबी, याच्या वर जाऊ शकत नाही. डब्यावर फुशारकीने '१३० डीबी' छापलं असेल तर ती मशीन सौम्य बहिरेपणाला नको. लग्नाच्या बँडसमोर ती उरलेला कानही घालवेल. मशीन जाड ते बारीक कुठले आवाज उचलते तो पट्टा २५० ते ५,००० हर्ट्झ (आवाजाच्या पट्टीचं माप) किंवा त्याहून रुंद हवा. वरचा आकडा ३,००० वर थांबला तर 'स' आणि 'श' आलेच नाहीत. 'शिट्टी रोखणं', 'चॅनल' किंवा 'बँड' (जाड-बारीक आवाजांचे वेगवेगळे कमी-जास्त करता येणारे भाग) यांचा उल्लेख हवा. ३२ चॅनल म्हणजे ८ पेक्षा चौपट चांगलं, असं मात्र नसतं. तो आकडा दुकानदाराच्या तोंडी फार असतो.

उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, एमआरपी डब्यावर नसेल तर डबा परत ठेवा. बिलातही एक गंमत दिसते. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. बिलात मशीनच्या किमतीवर जीएसटी लावलेला दिसला, तर विकणारा स्वतःच त्या वस्तूला श्रवणयंत्र मानत नाही असं बहुधा समजायचं. सेलवर कर असतो, तो वेगळा.

परत घेण्याची मुदत लेखी घ्या, निदान १५ दिवसांची, जमल्यास महिन्याची. मशीन एका दिवसात पसंत-नापसंत करता येत नाही. ऑनलाइन घेताना डबा फोडतानाच व्हिडिओ काढून ठेवा. तक्रार अडली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

सेल कोणता, यावर मशीन ठरवा

शहरातला माणूस आधी मशीन निवडतो, मग सेल शोधतो. खेड्यात हे उलटं करावं.

खिशातली मशीन, म्हणजे डबी छातीशी आणि वायर कानात, ही पेन्सिल सेलवर चालते. तो सेल गावातल्या किराण्यात मिळतो. बटणं मोठी, आवाजाचं चाक अंगठ्याने फिरतं, पडली तरी सापडते. दिसायला जुनाट म्हणून घरची तरुण मंडळी नाक मुरडतात, पण बोटं ताठरलेल्या, नजर कमी झालेल्या माणसाला हीच सोयीची पडते. उणिवा दोन. माइक छातीवर असल्याने सदऱ्याची, दुपट्ट्याची, पदराची घासाघीस थेट कानात खरखरते. डबी कपड्याच्या बाहेर, माइकचं तोंड पुढे, क्लिपने घट्ट लावली की ती निम्मी होते. आणि वायर. ही मशीन बिघडते ती दहापैकी आठ वेळा वायरीपाशी, पिनेजवळच्या वळणावर. मशीन घेतानाच एक जादा वायर घेऊन ठेवा आणि रात्री वायर डबीभोवती गुंडाळू नका.

कानामागची मशीन बटण सेलवर चालते. त्यांचे आकार रंगाने ओळखतात: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. रोजच्या वापरात ३१२ साधारण आठवडाभर, १३ आठवडा ते दोन आठवडे, ६७५ त्याहून जास्त जातो. निवड हातात असेल तर १३ नंबर घ्या. जास्त टिकतो आणि म्हाताऱ्या बोटांत धरता येतो. घेण्याआधी तालुक्याच्या दोन दुकानांत विचारा, "१३ नंबरचा नारिंगी सेल ठेवता का?" दोघांनी नाही म्हटलं तर जिल्ह्याहून सहाचं पान आणत जावं लागेल. मुदतीची तारीख बघून आणि एका वेळी दोन-तीन महिन्यांपुरतंच आणा.

चार्जिंगची मशीन सुटसुटीत आहे, सेल बदलण्याची कटकट नाही. तीन-चार तास चार्ज केली की दिवस निघतो. पण ते तीन-चार तास सलग वीज हवी. भारनियमनाच्या गावात चार्जिंगच्या डबीला यूएसबी वायर लागते का ते बघा, म्हणजे पॉवर बँकेवर भागेल. टिनाच्या घरात मे महिन्यात दुपारी चार्जिंगला लावू नका, आतल्या बॅटरीचं आयुष्य उन्हाने झपाट्याने घटतं. रात्री लावा. आणि लक्षात घ्या, ही बॅटरी दोन-चार वर्षांनी थकते. ती बदलून मिळते का, हे बिल करण्याआधी विचारायचं.

बटण सेल हवेवर चालतो. त्याच्या सपाट, खुणेच्या (+) बाजूला बारीक भोकं असतात आणि त्यावर रंगीत चिकटपट्टी. पट्टी काढली की सेल लगेच मशीनमध्ये टाकू नका. भोकं वर करून दोन ते पाच मिनिटं टेबलावर ठेवा, थंडीत थोडं जास्त. आत हवा शिरते आणि सेल पूर्ण जोरात येतो. घाईने टाकलेला सेल 'लवकर संपतो' तो यामुळे. एकदा काढलेली पट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल धरतो. खिशात सुट्या पैशांबरोबर नको.

घरात लहान पोर असेल तर वापरलेला सेलसुद्धा उघड्यावर टाकायचा नाही. पोराने सेल गिळला किंवा नाकात-कानात घातला अशी नुसती शंका आली तरी, ओकाऱ्या काढत न बसता, थेट दवाखाना. घशात अडकलेला बटण सेल दोन तासांत आतली त्वचा जाळू शकतो. सेलचं पाकीट बरोबर न्या.

रबर: कानात बसणं

डब्यात तीन-चार मापांचे डोम येतात, म्हणजे टोकाच्या मऊ रबरी टोप्या. बहुतेक लोक मशीनला आधीच लावलेला डोम तसाच वापरतात. इथेच घोळ होतो. लहान डोम सैल बसतो; आवाज बाहेर पाझरतो, माइकमध्ये परत शिरतो आणि मशीन शिट्टी मारते. मोठा डोम दुखतो, आणि माणूस दुसऱ्या दिवशी मशीन काढून ठेवतो.

भोकं असलेला, छत्रीसारखा उघडा डोम आणि बंद डोम, असा आणखी एक फरक असतो. ज्याला जाड आवाज चांगला ऐकू येतो, फक्त 'स-श' जातात, त्याला उघडा. तो कान बंद करत नाही, घामही साचत नाही. बंद डोम घातला की अशा माणसाला स्वतःचाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. जाड आवाजही कमी येत असेल तर बंद किंवा दुहेरी डोम लागतो, आणि घुमण्याची सवय थोडी करून घ्यावी लागते.

कानात घालताना मशीनवर लाल खूण असेल तर उजवा कान, निळी असेल तर डावा. आधी मशीन कानामागे टेकवा. मग दुसऱ्या हाताने, डोक्यावरून हात घेऊन, कान वर आणि मागे ओढा. भोक सरळ होतं. डोम हलक्या हाताने, किंचित पिळ देत आत सरकवा. बारीक शेपटीसारखी तार असेल तर ती कानाच्या खोलगट भागात दाबून बसवा. तोंड हलवताना डोम निसटू नये म्हणून ती असते. आता भाकरी चावल्यासारखा जबडा हलवा, मान वळवा, "मामाजी, चहा घेता का?" असं कोणाला तरी बोलायला लावा. डोम बाहेर सरकला तर एक माप मोठा. पाच मिनिटांत टोचू लागला तर एक माप लहान.

काढताना मशीन धरून हिसका देऊ नका. कानाजवळची नळी किंवा वायर चिमटीत धरा. काढल्यावर डोम टोकावर आहे का ते रोज बघा. डोम कानात राहिला असेल तर पिनेने काढायचा प्रयत्न अजिबात नको, डॉक्टर चिमट्याने एका मिनिटात काढतात. डोम पिवळा, कडक झाला की बदला, साधारण दोन-तीन महिन्यांनी.

कोणतंच माप बसत नसेल तर कानाचा साचा करून घ्यावा. ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे तज्ज्ञ) कानात मऊ लगदा भरून माप घेतात आणि त्यावरून मोल्ड बनतो. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या माणसाकडूनच माप घ्या. लगदा भरण्याआधी ते आत कापसाचं किंवा फोमचं बुच ठेवतात, म्हणजे लगदा पडद्यापर्यंत जात नाही. कोणी बुच न ठेवता लगदा भरू लागला तर उठून या.

एक कान की दोन? दोन्ही कान सारखेच कमी असतील तर दोन मशीनींनी गर्दीत बोलणं जास्त कळतं आणि आवाज कुठून आला तेही कळतं. रस्त्यावर ट्रकच्या बाबतीत हे महत्त्वाचं. पण ऐपत एकीची असेल तर एक बरी मशीन घ्या. दोन स्वस्त डब्या नकोत.

पहिला महिना

पहिल्या दिवशी पंख्याची घरघर, स्वतःची चप्पल, वर्तमानपत्राचा कागद, सगळंच कर्कश वाटतं. मेंदूला वर्षानुवर्षं न मिळालेला आवाज एकदम मिळतो. मशीन बिघडलेली नसते.

पहिले तीन-चार दिवस घरात, एका माणसाशी बोलताना, एक-दोन तास. आवाज इतकाच की समोरच्याचं बोलणं आरामात पोचेल. नंतर रोज तासाभराने वाढवत ओसरीवर दोघा-तिघांत बसायचं. दुसऱ्या आठवड्यात टीव्हीवरच्या मराठी बातम्या. नातवाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचावं आणि आजोबांनी तीच ओळ बोटाने धरत ऐकावी, हा सराव फार कामाचा आहे. डोळ्याला दिसलेला शब्द कानाला ओळखायला सोपा जातो. त्याच कारणाने गावातली संध्याकाळची सामुदायिक प्रार्थनाही चांगली. शब्द पाठ असतात, मेंदू नुसता आवाज जुळवत जातो. खंजिरीपासून थोडं लांब बसा. आठवडी बाजार आणि लग्न शेवटी, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आवाज कमी करून.

विदर्भात उन्हाळ्याची खास अडचण म्हणजे कूलर. त्याच्या घोंगावण्यात मशीन असूनही बोलणं बुडतं. कूलरकडे पाठ करून बसा आणि बोलणाऱ्याला समोर बसवा. बऱ्याच मशीनींचे माइक समोरचा आवाज जास्त उचलतात, त्यामुळे ही बसायची जागाच अर्धं काम करते. कूलरच्या थेट झोतातही नको, दमट हवेने नळीत पाण्याचे थेंब साचतात.

घरच्यांनी ओरडणं सोडलं पाहिजे. ओरडलेला शब्द मशीनमधून फाटलेला येतो. तीन-चार फुटांवर, समोरून, चेहऱ्यावर उजेड असताना, जरा सावकाश. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डीबीने उतरतो, त्यामुळे स्वयंपाकघरातून हाक मारून "मशीन घातली तरी ऐकू येत नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

फोनवर बोलताना कानामागच्या मशीनचा माइक कानाच्या वर असतो हे लोक विसरतात. फोन कानाच्या भोकाशी न धरता थोडा वर, मशीनजवळ धरा. शिट्टी आली तर बोटभर लांब. स्पीकर लावला तर आणखी सोपं.

रोज सकाळी मशीन घातल्यावर एक मीटरवरून, तोंडासमोर वही धरून, सहा आवाज म्हणून बघा: म, ऊ, आ, ई, श, स. ऐकणाऱ्याने तेच म्हणायचं. काल 'स' येत होता आणि आज येत नाही, तर जाळीत मळ आहे, नाही तर सेल उतरलाय.

घाम, धूळ, पाऊस

हडंब्यापाशी किंवा ट्रॅक्टरवर मशीन काढून डबीत ठेवा आणि कानात फोमचे बोळे घाला. बंद मशीन बोळ्याचं काम करत नाही. फवारणीलाही मशीन नको. तिच्यावर औषधाचा फवारा बसला तर ती धुता येत नाही. ४५ अंशांच्या दुपारी गाडीच्या डिक्कीत, खिडकीत, टिनाखालच्या फळीवर ठेवू नका.

रात्री मऊ कोरड्या कापडाने घाम पुसा, ब्रशने टोकाची जाळी खाली धरून झाडा म्हणजे मळ बाहेर पडतो. सेलचं झाकण उघडं ठेवा. सेल काढून बाजूला, आणि मशीन सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत. सेल डबीत नको, कोरड्या हवेत तोही सुकतो. बुटांच्या खोक्यातली जुनी पुडी ओल पिऊन कधीच भरलेली असते, नवीन दाणे आणा. रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्या. निळ्यांत कोबाल्ट असतं. रंग उतरला की जुन्या, वेगळ्या ताटलीत मंद आचेवर सुकवा, स्वयंपाकाच्या तव्यावर नाही. तांदळाच्या डब्यात मशीन पुरण्याची युक्ती नको, कोंडा आत जातो.

पाणी, स्पिरिट, सॅनिटायझर मशीनला नाही. फक्त मोल्ड, तोही मशीनपासून सोडवून, कोमट साबणाच्या पाण्यात धुता येतो. नळीतलं पाणी रबरी फुग्याने फुंकून काढा आणि रात्रभर वाळू द्या. मोल्डची नळी कडक, पिवळी झाली की बदला, तीन ते सहा महिन्यांनी.

बिघडली असं वाटलं तर

मुकी झाली: झाकण पूर्ण बंद आहे का, सेल उलटा नाही ना, नवा सेल टाकून बघितला का, टोकाची जाळी मळाने बंद आहे का. या क्रमाने. जाळी बदलण्याची काडी डब्यात येते: एका टोकाने जुनी ओढायची, दुसऱ्याने नवी दाबायची.

शिट्टी: डोम नीट बसवून बघा, मग माप, मग आवाज एक पायरी कमी. तरीही थांबत नसेल तर कानात मळ असण्याची शक्यता मोठी. आवाज मळावर आपटून परत येतो. दुपट्टा किंवा पदर कानावरून घट्ट घेतला तरी शिट्टी येते.

आवाज येतो-जातो: खिशातल्या मशीनची वायर पिनेपाशी वाकवून बघा, कुरकुर झाली की वायर बदला. कानामागच्या मशीनमध्ये बहुधा घाम. सेल काढून दोन रात्री सिलिकात ठेवा.

पैसे

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, आधारशी जोडलेल्या खात्यात एकदाच ३,००० रुपये मिळतात आणि त्यात श्रवणयंत्र बसतं. अर्ज समाजकल्याण कार्यालयात. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत (२०१७ पासून) ६० वर्षांवरच्या गरीब ज्येष्ठांना एलिम्को या सरकारी साधननिर्मिती कंपनीच्या शिबिरांतून यंत्र मोफत मिळतं. दिव्यांगांच्या साधनांसाठी एडिप योजना आहे, पण तिला किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं आणि कायद्यात 'कमी ऐकू येणारा' म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डीबी. सौम्य-मध्यम बहिरेपणाचा माणूस त्या रांगेत उभा राहिला तर दिवस जाईल. शिबिरात मिळालेल्या मशीनचाही डोम किंवा मोल्ड स्वतःच्या मापाचा आहे ना, सेल कोणता लागतो, हे तिथेच विचारून घ्या.

दुरुस्तीला मशीन पाठवताना पावतीची प्रत द्या, मूळ पावती घरी ठेवा. सेल काढून ठेवा. आणि मोल्ड सोडवून स्वतःजवळ ठेवा. तो तुमच्या कानाचा आहे, हरवला तर परत मापापासून सुरुवात करावी लागते.